डावीकडचे तीन मिलिमीटर

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज दगड आला. क्रेनवाल्याने येता येता फाटकाचा एक खांब पाडला आणि वर मलाच विचारलं, "बाई, एवढ्या पांढऱ्याशुभ्र दगडात पुतळा कुणाचा काढणार?" म्हटलं, कुणाचाच नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की तो खांब जणू मीच पाडला होता.

साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच संगमरवर. मागच्या शेडमध्ये खिडकीसमोर बसवला. खाणवाल्याने नकाशा बघून बजावलंय की उजव्या टोकाला आत एक करडी शीर आहे. माझा आकार निघाल्यावर ती जेमतेम सेंटिमीटरभर खाली राहील. तिथवर जाऊ नका, म्हणाला. बरं म्हटलं.

ही वही मुद्दाम आणली. मनातलं कुणाला सांगायला गेलं की माझं भांडण होतं. वहीशी होणार नाही.

तर पंचवीस वर्षं मी पुतळे केले. चष्मे, मिश्या, कोटाची बटणं. मागच्या वर्षी एका संस्थापकांच्या कोटाचं सहावं बटण कोरताना हात थांबला. मनात आलं, हे बटण नसलं तर काय बिघडेल? मग पाचवं नसलं तर? करता करता त्या गृहस्थांचं नाक नसलं तरी चालेल असं वाटायला लागलं, तेव्हा मी छिन्नी ठेवली आणि चहा करायला गेले. तेव्हापासून हेच डोक्यात आहे. सगळं काढून टाकत जायचं आणि जे काढताच येत नाही तेवढं ठेवायचं.

प्रसूतिगृहाच्या नव्या अंगणासाठी समितीला खरं तर आई आणि बाळ हवं होतं. आर्किटेक्टबाईंनी माझा वीतभर प्लास्टरचा नमुना बघितला आणि माझ्यासाठी भांडल्या. समिती पंधरा एप्रिलला बघायला येणार. पसंत पडलं नाही तर कॅटलॉगमधली फायबरची आई येणार, फायबरच्या बाळासकट. मी ते होऊ देणार नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अप्पांनी नमुना हातात घेऊन उलटसुलट बघितला. "डोकं कुठंय?"

"डोकं नाही, अप्पा. हे कशाचंच नाही. नुसता आकार आहे."

"बरं." मग बराच वेळ त्यांनी तो मांडीवर ठेवला. मांडीवर त्यांचा उजवा हात सारखा थरथरतो, त्यामुळे नमुनाही हलत होता. परत मागितला तेव्हा म्हणाले, "राहू दे माझ्याकडे." आता तो त्यांच्या उशाशी, औषधांच्या डब्याशेजारी असतो.

आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, अप्पा आमच्याकडे आहेत. चाळीस वर्षं त्यांनी इमारतींच्या दगडांवर पानं-फुलं कोरली आणि तेवढी वर्षं दगडाची धूळ छातीत भरून घेतली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, धूळ बंद. त्यामुळे शेडमध्ये यायला त्यांना मनाई आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी दुपारी कॉलेजात शिकवायला जाते तेव्हा घरकामाला येणाऱ्या मावशी त्यांच्याजवळ थांबतात. जेवण, औषध आणि दुपारची झोप एवढंच काम, पण मावशी मन लावून करतात.

नमुना कुठून सुचला असं आर्किटेक्टबाईंनी विचारलं होतं. मलाही ठाऊक नाही. आई गेली त्या महिन्यात एका दुपारी माती मळत बसले होते, तेव्हा तो हातातून निघाला; प्लास्टरमध्ये नंतर ओतला. दोन उंचवटे आणि मधे उतार, आडवा, शांत. कशासारखाही नाही हेच मला त्यात आवडलं.

३० नोव्हेंबर, रविवार

मोठा भाग उडवून झाला. खांदे भरून आलेत. सकाळी साडेपाचलाच कामाला लागते आणि उजेड आला की मशीन लावते. त्याआधी लावलं की शेजारचे खिडक्या आपटतात.

लवकर उठायची सवय घरचीच. लहानपणी मी भिंतीकडे झोपायचे, माझ्या पुढे आई, आणि तिच्या पलीकडे दार. अप्पा उजाडता उजाडता कामाला निघायचे. आईची झोप मोडू नये म्हणून दारातूनच हळू आवाजात म्हणायचे, "निघतो गं." ते मला दिसायचे नाहीत. मधे आई असायची आणि तिच्या पलीकडून नुसता आवाज यायचा. मग मीही उठायचे. आई मात्र अजून तासभर कूस बदलायची नाही.

हे इथे का लिहिलं कोण जाणे. दगडाबद्दल लिहायचं होतं. दगड उत्तम आहे, छिन्नीखाली घंटेसारखा वाजतो.

२० डिसेंबर, शनिवार

फर्मा कापला. पत्र्याचा, अर्ध्याच आकाराचा. डाव्या उंचवट्यावर ठेवून बघायचा, मग उलटा करून उजव्यावर. खालून कुठे उजेड दिसला नाही की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. त्यातच सगळी गंमत आहे. एक बाजू जरा वर-खाली झाली की बघणारा लगेच म्हणणार, हा डोंगर, हा उंट, ही झोपलेली म्हैस. सारखं असलं की त्याला काही म्हणताच येणार नाही. निमूट बघावं लागेल.

१३ जानेवारी, मंगळवार

जमलं! दोन्ही बाजूंना फर्मा बसला. केसभरही उजेड नाही. मशीन आजपासून बंद. यापुढे नुसता हात, पाणी, आणि घासायला कुरुंदाची वडी नि कागद.

नवऱ्याला हात धरून शेडमध्ये नेलं. तो कवळ्या बनवतो, दुसऱ्यांच्या दातांत त्याचं आयुष्य गेलं. चारी बाजूंनी फिरून म्हणाला, "सुरेख. पण दोन्ही बाजू एवढ्या सारख्या केल्या की माझं गिऱ्हाईक कवळी परत आणून देतं. म्हणतं, तोंडात खोटी दिसते."

म्हटलं, हे तोंड नाही.

"तेही खरंच," म्हणाला आणि जेवायला गेला.

१७ जानेवारी, शनिवार

डाव्या बाजूला उजेड दिसतोय. दीड मिलिमीटर. मंगळवारी नव्हता.

परवा मीच घासताना वाहवत गेले असणार. रेडिओवर मुलाखत चालू होती. यापुढे रेडिओ बंद.

१८ जानेवारी, रविवार

डावीकडे गेलेला दगड तर परत आणता येत नाही. म्हणून उजवी बाजू तेवढीच उतरवली. दिवस गेला. आता पुन्हा बरोबर.

३१ जानेवारी, शनिवार

पुन्हा डावीकडेच, आणि या वेळी दोन मिलिमीटर! रेडिओ बंद असताना!

फर्माच वाकला असणार. जाड पत्रा आणून नवा कापला, जुन्याची गुंडाळी करून कोपऱ्यात फेकली. नवा लावला. त्यातही दोन मिलिमीटर. मग पुन्हा उजवी बाजू उतरवत बसले.

आणखी एक वैताग म्हणजे शेडमधला नळ गळतोय. कॉलेजातून आले की फरशी ओली. प्लंबर येऊन बघून गेला. म्हणाला, नळ ठणठणीत आहे, बाई, तुम्हीच नीट बंद करत नसाल. माझंच घर, माझाच नळ आणि वर मलाच शहाणपण.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अप्पांना तपासणीला नेलं. डॉक्टर खूश. भूक वाढलीय, चेहऱ्यावर तरतरी आहे. "काय करताय एवढं?" त्यांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "दुपारी झोपतो."

मावशींना म्हटलं, तुमच्यामुळे. त्या लाजून पदराला हात पुसत राहिल्या. घासायचे कागद मात्र मुंग्यांनी खाल्ल्यासारखे संपतायत. परवाच दोन डझन आणले होते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

तिसऱ्यांदा. आता माझी खात्री झालीय की डावीकडचा दगड मऊ आहे आणि ओला घासला की जास्त झिजतो. खाणवाल्याला फोन करून झापलं. तो आधी ऐकून घेत राहिला, मग म्हणाला, "बाई, तुम्ही एकट्याच घासताय ना?" म्हटलं, नाही तर काय, भूत येतंय का! तर हसला. मी फोन ठेवून दिला.

उजवीकडून अडीच मिलिमीटर काढले. सगळा आकारच लहान होत चाललाय. असं करत राहिले तर एप्रिलात समितीसमोर साबणाची वडी ठेवावी लागेल.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "हिची दुसरी बाजू कशाला खाली घेतेस सारखी?"

"ही कोण?"

"ही. दगड."

दगडाला ही म्हणायला लागलेत. वय झालं, दुसरं काय. मी विषय बदलला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चौथ्यांदा. रडकुंडीला आले. उजवी बाजू पुन्हा उतरवून सारखी केली, पाणी मारलं आणि दचकले. उजव्या उंचवट्याच्या माथ्याखाली करडी सावली दिसतेय. ती शीर. दगड वाळला की दिसत नाही, ओला झाला की दिसते. अंगण उघडं आहे, दगड ओला होणारच. आणखी मिलिमीटरभर गेले तर ती वर येईल आणि सगळा दगड वाया.

आता उजवीकडे एक फटकाही नाही. लिहून ठेवते, म्हणजे सकाळी मोह होणार नाही.

३ मार्च, मंगळवार

आर्किटेक्टबाई येऊन गेल्या. भल्या बाई आहेत, पण चेहरा लपवता येत नाही त्यांना. अध्यक्षांनी कॅटलॉगमधल्या आई-बाळाच्या पानावर आधीच खूण करून ठेवलीय म्हणे.

"तुमचं होईल ना वेळेत?"

"होईल," मी म्हणाले. कसं ते विचारू नका, असंही मनात म्हणाले.

७ मार्च, शनिवार

डावीकडे तीन मिलिमीटर.

उजवीकडे हात लावता येत नाही. म्हणजे संपलं. कित्येक महिने मी दोन बाजू सारख्या करतेय आणि दगड माझ्या नाकावर टिच्चून वाकडा होतोय. संध्याकाळी शेडचं दार आपटलं, त्याचा कडीकोयंडा निखळला. मावशी आतून म्हणाल्या, "ताई, अंगाचा साबण संपला हो, आजोबांना रोज लागतो." म्हटलं, दिवसभर झोपणाऱ्या माणसाला एवढा साबण कशाला लागतो?

११ मार्च, बुधवार

जसं घडलं तसं लिहिते.

कॉलेजात वीज गेली म्हणून वर्ग सुटला. तीनला घरी आले. शेडमधून घासल्याचा आवाज येत होता. लांब, सावकाश, एका लयीत. माझा आवाज असा येत नाही. मी घाईने घासते.

खिडकीतून बघितलं. अप्पा उलट्या खोक्यावर बसले होते, बाह्या कोपराच्या वर. मावशी मगाने पाण्याची धार धरून उभ्या. अप्पांच्या हातात त्यांची जुनी कुरुंदाची वडी होती, कडा झिजून गोल झालेली, आणि तो हात डाव्या उंचवट्यावरून फिरत होता. डोळे मिटलेले. हात थरथरत नव्हता. अजिबात नव्हता.

मग आत शिरले आणि तोंडाचा पट्टा सोडला. सगळं बोलले. माझे चार महिने, माझी पंधरा एप्रिल, फरशीवरचं पाणी, बिचारा प्लंबर, बिचारा खाणवाला. मावशींना म्हटलं, तुम्ही सुद्धा? त्यांनी पाण्याचा मग खाली ठेवला आणि भिंतीला चिकटल्या.

अप्पा शांत. "ओला घासतो. धूळ उडत नाही. डॉक्टरांनी धूळ बंद सांगितलीय, पाणी नाही."

"पण तुम्ही माझ्या कामाला हात लावलाच कसा?"

"आणि तू?" आता त्यांचाही आवाज चढला. "मी इकडून उतरवतो, तर तू तिकडून उतरवतेस. मी फरक करतो, तू बुजवतेस. माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात घातलीस. मला वाटलं, आज ना उद्या कळेल हिला."

"मला वाटलं दगड चुकतोय!"

"दगड कधी चुकतो का?"

"दोन्ही बाजू सारख्याच हव्यात, अप्पा. हे कशाचंच नाही. कितीदा सांगू?"

"बरं. नाही तर नाही." वडी पाण्यात बुडवून त्यांनी धोतराच्या टोकाला पुसली. "पण खांदा एवढा वर नसतो."

"कुणाचा खांदा?"

"कुणाचा नाही," म्हणाले आणि उठले. उठताना मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. मावशींचा घेतला.

१२ मार्च, गुरुवार

शेडला नवं कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात.

अप्पा बोलत नाहीत. मावशीही बोलत नाहीत. नवरा दोन्ही पक्षांशी बोलतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो.

१५ मार्च, रविवार

आता खरं लिहिते. ही वही त्यासाठीच आहे.

तीन दिवस मी रागात होते आणि राग कसला ते स्वतःलाही सांगत नव्हते. त्यांनी चोरून केलं, त्याचा राग पहिल्या दिवशीच संपला होता. उरला तो दुसरा राग. आज सकाळी उन्हात दगडाभोवती फिरले, डोळे मिटले आणि उजवीकडून हात फिरवत आणला. उजव्या बाजूवर हात सरळ गेला. पुढे काय येणार ते त्याला आधीच ठाऊक होतं, कारण ते फर्म्याने ठरवलेलं. मग उतार आला. मग डावी बाजू. तिथे हात आपोआप हळू झाला. पुढचं ठाऊक नव्हतं. उंचवटा जिथे यावा वाटतं त्याच्या जरा आधी येतो आणि लगेच पुढे कलून खाली उतरतो. तीन मिलिमीटर, दुसरं काही नाही.

डावी बाजू माझ्या बाजूपेक्षा चांगली आहे. कित्येक पटींनी चांगली आहे. पंचवीस वर्षं कॉलेजात मी पोरांना शिकवते की नजरेने बघू नका, हाताने बघा. आणि स्वतः पत्र्याच्या तुकड्याने बघत होते. कवळीवाल्यालासुद्धा जे कळलं ते मला कळलं नाही. हे त्याला सांगणार नाही, वर्षभर पुरवून पुरवून ऐकवेल.

मग मी चारदा उजवी बाजू उतरवत होते ते काय करत होते? जे चांगलं होत होतं ते दर वेळी मन लावून बिघडवत होते. लाज वाटली.

अजूनही ते कशासारखंही नाही. याबाबत माझं मत बदललेलं नाही. पण सारखं असलंच पाहिजे हे ज्या बाईने ठरवलं होतं, तिचं मी यापुढे ऐकणार नाही. एक महिना आहे. पुरेल.

१६ मार्च, सोमवार

सकाळी शेडमध्ये काही कामं केली. खोक्याऐवजी पाठीचं स्टूल आणलं, डाव्या बाजूला ठेवलं आणि त्याचे पाय कापून बेताच्या उंचीवर आणले. बादली अर्धीच भरली, पूर्ण भरली की मावशींना ओढावी लागते. कागद बारीक-जाड असे लावून ठेवले. फर्मा खिळ्याला टांगला, भिंतीकडे तोंड करून.

दुपारी निघताना अप्पांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अप्पा, मी कॉलेजला निघाले. पाचच्या आत येत नाही. शेडला कुलूप घालायचं विसरलेय, पण आता परत कोण जातंय."

अप्पांनी चादर वर ओढली.

"आणि उजव्या बाजूला शीर अगदी जवळ आलीय. तिकडे कुणी जाऊ नये."

"मी झोपलोय," अप्पा म्हणाले.

साडेपाचला आले. फरशी ओली होती. मी पुसली.

४ एप्रिल, शनिवार

आम्ही दोघंही एका शब्दाने काही बोललेलो नाही, पण काम झपाट्याने होतंय. सोम, बुध, शुक्र त्यांचा. मंगळ, गुरू, शनि माझा. मी सकाळी गेले की त्यांनी काल काय केलं ते हाताने शोधते, मग तिथून पुढे जाते. काल त्यांनी उतार डाव्या बाजूने थोडा मागे ओढला होता. मी तो उजवीकडून येऊन मिळवला. परवा मी एक कड जरा तीक्ष्ण सोडली, तर काल ती मऊ झालेली. ते माझ्यावर शेरे मारतात आणि मी त्यांच्यावर, सगळं दगडावरच.

शेवटचा बारीक कागद चालू आहे. उन्हात बघितलं की आता कुठे कड सुरू होते आणि कुठे संपते ते सांगता येत नाही. शीर आतच आहे. ओला केला की दिसते, पण अगदी पुसट. राहू दे.

डॉक्टरांकडे जायचं होतं. अप्पांनी नाही म्हटलं. "वेळ नाही."

१५ एप्रिल, बुधवार

समिती आली. सात माणसं, त्यांतली पाच घड्याळाकडे बघत. अध्यक्षांच्या काखेत कॅटलॉग. मी हात मागे बांधून उभी राहिले.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हे नक्की काय आहे?"

"आकार आहे," मी म्हटलं. तीस वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना.

"कशाचा?"

आर्किटेक्टबाईंनी जमिनीकडे बघितलं. एक सदस्य बारीक हसले. अध्यक्षांनी कॅटलॉग उघडला आणि मोठ्या आवाजात वाचायला लागले, उंची पाच फूट, रंग मागणीनुसार.

एवढ्यात समितीतल्या, प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाई दगडाला वळसा घालून गेल्या. धिप्पाड, करड्या केसांच्या बाई, पावलांचा आवाज नाही. डाव्या उंचवट्यावर त्यांनी तळहात ठेवला. मग मागे वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "साहेब, जरा हळू."

अध्यक्ष थांबले. का कोण जाणे, सगळेच थांबले. कॅटलॉगही मिटला गेला. पुढचं सगळं बोलणं त्या लोकांनी कुजबुजतच केलं आणि दहा मिनिटांत पसंती देऊन, फाटक सुद्धा सावकाश लावून निघून गेले.

मेट्रनबाई हळू का बोलल्या ते मला कळलं नाही. दवाखान्यातली सवय असेल. पण त्यांना मी जन्मभर विसरणार नाही.

आत गेले. अप्पा पलंगावर बसून होते, कान दाराकडे.

"पसंत पडलं, अप्पा."

"कुणाला?"

"समितीला."

"त्यांचं सोड," म्हणाले. "तुला पडली का?"

मी हो म्हटलं. मग त्यांच्या शेजारी बसून खूप रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत राहिले. हात थरथरत होता, त्यामुळे थोपटणं दुप्पट झालं.

२२ एप्रिल, बुधवार

आज बसवला.

तोच क्रेनवाला. प्रसूतिगृहाचं फाटक त्याने सलामत सोडलं. दगड चौथऱ्यावर उतरला, पट्टे सुटले, माणसं चहाला गेली. अंगणात मी आणि अप्पा उरलो. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. मावशींना त्यांनी बाजूला पाठवलं, खुर्चीतून उठले आणि दगडाच्या पलीकडे, इमारतीच्या दाराच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

मी अलीकडे होते, भिंतीच्या बाजूला. चौथऱ्यावर सिमेंटचे शिंतोडे उडाले होते ते ओल्या फडक्याने पुसायला खाली बसले. बसल्यावर दगड माझ्या डोक्याच्या वर आला. अप्पा दिसेनासे झाले. समोर नुसता तो, पांढरा, आडवा, डावीकडे जरा पुढे कललेला, मधे उतार. ऊन पलीकडून येत होतं, म्हणून माझ्या बाजूला सावली होती आणि दगड गार होता. मी पुसत होते.

मग पलीकडून अप्पांचा आवाज आला. अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये इतका हळू.

"निघतो गं."

फडकं माझ्या हातात तसंच राहिलं. मावशींनी खुर्ची सरकवली, चाकं वाजली, ते फाटकापर्यंत गेले. मी उठले नाही. मला उठवेना. कपाळ त्या उतारावर टेकवलं आणि बसून राहिले.

थोड्या वेळाने आर्किटेक्टबाई आल्या. चौथऱ्यावर पाटी लावायचीय, नाव काय लिहू, म्हणाल्या. मी अध्यक्षांना आधीच "आकार" असं कळवलेलं होतं. म्हटलं, ते खोडा. पाटी नको.

"काहीच नको?"

"काही नको," मी म्हणाले. "आणि जरा हळू बोला."